एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन पूर्वज कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सून किंवा जावई अमेरिकन असला की कधी ना कधी नातवंडांच्या वंशावळीचा विषय निघतो. आपल्या बाजूचं कुळवृत्तांतात सापडतं, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतं. दुसऱ्या बाजूला मात्र ‘खापरपणजोबा ओहायोत शेती करायचे’ यापलीकडे कुणाला काही ठाऊक नसतं. पुढचे प्रश्न अशाच मंडळींचे आहेत. उदाहरणं बरीचशी अब्राहम लिंकनच्या घराण्याची घेतली आहेत. त्याच्या आईवडिलांचे कागद चारचौघांसारखेच तुटक होते, स्पेलिंग भलतंच होतं आणि एक महत्त्वाचा कागद तर दुसऱ्याच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) पडून होता.

सुरुवात कुठून करायची?

हयात माणसांपासून. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्या-मावशीला फोन लावा. नुसती नावं विचारू नका. गाव कोणतं, चर्च कोणतं, कुणाच्या लग्नाला कोण गेलं होतं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद होतं, हेही विचारा. मग एकेक पिढी मागे सरका. १८५० सालचा एखादा जॉन मिलर पकडून तिथून खाली आपल्यापर्यंत यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तसं करू नका. जॉन मिलर पैशाला पासरी आहेत.

विसाव्या शतकात वारलेल्या मुलाचा किंवा नातवाचा मृत्युदाखला हा चांगला दुवा असतो, कारण त्यावर मृताच्या आईवडिलांची नावं आणि जन्मस्थळं असतात. पण माहिती कुणी दिली तो रकाना आधी वाचा. मृत्यूची तारीख डॉक्टरने लिहिलेली असते. मृताच्या आईचं माहेरचं आडनाव मात्र त्या गडबडीत जावयाने आठवून सांगितलेलं असतं. एकाच दाखल्यावरच्या दोन ओळींवर सारखाच विश्वास ठेवून चालत नाही.

घरात जुनं बायबल असेल तर उघडून बघा. जुना करार आणि नवा करार यांच्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. त्या नोंदींच्या आधी ते बायबल छापलं कधी ते पाहा. १८७० साली छापलेल्या प्रतीत १८२० पासूनचे जन्म एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेले असतील, तर ते सगळं कुणीतरी नंतर बसून आठवणीने लिहिलेलं आहे.

खानेसुमारीत नक्की काय मिळतं?

अमेरिकेची खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८४० पर्यंतच्या यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीची माणसं वयोगटाप्रमाणे नुसत्या आकड्यांत. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव, वय आणि जन्माचं राज्य लिहायला लागले. कुटुंबप्रमुखाशी नातं मात्र १८८० पासून. त्यामुळे १८५०, १८६० आणि १८७० च्या पानांवर एका छपराखाली चाळिशीचा पुरुष, तिशीची बाई आणि चार मुलं दिसली, तरी ते नवरा-बायको आणि त्यांचीच मुलं, असं तो कागद कुठेही म्हणत नाही. बाई दुसरी बायको असेल, विधवा बहीण असेल. मोठी दोन मुलं वारलेल्या भावाचीही असू शकतात.

१८८० मध्ये आईवडिलांची जन्मस्थळंही विचारली गेली. १९०० ची यादी सगळ्यात बोलकी आहे: जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती. ‘आठ झाली, पाच आहेत’ असं दिसलं की कोणत्या तिघांना शोधायचं आहे ते कळतं.

आपली ओळ सापडली की पान मिटू नका. मागची-पुढची पाच-सहा पानं वाचा. माणसं एकटी स्थलांतर करत नव्हती. मेहुणा, चुलतभाऊ, जुन्या गावचा शेजारी असा सगळा गोतावळा गाड्यांमागे गाड्या लावून निघायचा आणि जवळजवळ जमिनी घ्यायचा. बायकोचं माहेरचं आडनाव कुठेच मिळत नसेल, तर ते बऱ्याचदा तीन घरं सोडून शेजारी राहत असतं.

१८८० नंतर एकदम १९००. मधलं १८९० कुठे गेलं?

जळलं आणि भिजलं. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. तळघरातली १८९० ची कागदपत्रं काही आगीने गेली, बरीचशी बंबाच्या पाण्याने खराब झाली. उरलेली पुढे तीसच्या दशकात सरकारनेच नष्ट केली. आगीपेक्षा हा दुसरा भाग जास्त चीड आणणारा आहे. वीस वर्षांच्या या खिंडारात मुलगी जन्मून लग्न होऊन दुसऱ्या आडनावाने दुसऱ्या राज्यात गेलेली असते.

भरपाई म्हणून राज्यांच्या स्वतःच्या गणना बघा: आयोवा, कॅन्सस आणि न्यू जर्सी यांच्या १८८५ व १८९५ च्या, न्यू यॉर्कची १८९२ ची. १८९० मध्येच यादवी युद्धातल्या (१८६१-६५) उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूच्या, सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती; तिचा केंटकीपासून पुढचा, इंग्रजी अक्षरक्रमाने वायोमिंगपर्यंतचा बराचसा भाग शिल्लक आहे. शहरात राहणाऱ्यांसाठी दरवर्षी छापल्या जाणाऱ्या सिटी डिरेक्टऱ्या आहेत. त्यांत नाव, धंदा आणि पत्ता असतो, आणि एखाद्या वर्षी नवऱ्याच्या जागी ‘अमुकची विधवा’ असं आलं की मृत्यूचं साल साधारण हाती लागतं.

वय जुळत नाही, स्पेलिंगही जुळत नाही. माणूस वेगळा समजायचा का?

लगेच नाही. स्प्रिंगफील्ड, इलिनॉयच्या १८५० च्या यादीत लिंकनच्या बायकोचं, मेरीचं वय २८ आहे आणि १८६० च्या यादीत ३५. दहा वर्षांत बाई सातच वर्षांनी मोठ्या झाल्या. जन्म १८१८ चा, म्हणजे पहिला आकडासुद्धा कमी करूनच सांगितलेला. आणि हे एका नामांकित वकिलाच्या घरचं. १८६० च्या त्याच नोंदीत त्याची स्थावर मालमत्ता ५,००० डॉलर आणि जंगम १२,००० डॉलर मांडली आहे. प्रगणकाला माहिती कुणी दिली ते त्या काळच्या पानावर लिहिलेलं नसतं. घरातलं पोर किंवा शेजारीणसुद्धा सांगून मोकळी होत असे.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. लिंकनच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदावर ‘लिंकहॉर्न’ लिहिलं आहे. लिहिणारा कानाला जसं ऐकू येई तसं लिही, आणि ज्याचं नाव त्याला बरेचदा वाचता येत नसे. म्हणून वंशावळीच्या संकेतस्थळावर नाव टाकून शून्य उत्तर आलं, तर नाव काढा आणि काउंटी, वय, जन्मराज्य, मुलांची पाळण्यातली नावं एवढ्यावर शोधा.

जन्मदाखला मिळतच नाही. कुठे मागायचा?

बहुधा तो कधी निघालाच नव्हता. जन्ममृत्यूची नोंद हा राज्यांचा विषय. मॅसॅच्युसेट्सने राज्यभर नोंदी १८४१ पासून सुरू केल्या. पेनसिल्व्हेनियाने १९०६, साउथ कॅरोलायनाने १९१५ आणि जॉर्जियाने १९१९ साली. त्याआधीचं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत, थडग्यावर किंवा वर्तमानपत्रात. लग्नाच्या नोंदी मात्र काउंटीच्या कचेरीत खूप आधीपासून आढळतात, कारण त्यात वारसाहक्काचा प्रश्न येतो.

काउंटी बरोबर आहे, तरी कागद सापडत नाही.

दोन शक्यता तपासा: काउंटीची हद्द बदलली, किंवा तुमचा माणूस सीमेपलीकडे जाऊन काम उरकून आला.

लिंकनचा जन्म १८०९ चा, हार्डिन काउंटी, केंटकी. आज ते ठिकाण लारू काउंटीत आहे, कारण लारू १८४३ मध्ये हार्डिनमधून वेगळी काढली. जुने कागद सहसा मूळ काउंटीतच राहतात, नव्या कचेरीत येत नाहीत. राज्यांचंही तसंच: वेस्ट व्हर्जिनिया १८६३ पर्यंत व्हर्जिनियातच होतं, मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये.

आता लग्नाचं बघा. लिंकनच्या आईवडिलांचं लग्न झालंच नव्हतं अशी कुजबुज त्याच्या हयातीत होती, आणि हार्डिनच्या दप्तरात नोंद मिळेना. ती होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. लिंकन गेल्यावर काही वर्षांनी उजेडात आली. १० जून १८०६ चा लग्नाचा जामीनरोखा आहे, रक्कम ५० पौंड. म्हणजे या लग्नाला कायद्याने काही अडसर निघाला तर एवढी रक्कम भरू, अशी हमी. लग्न १२ जूनला जेसी हेड या धर्मोपदेशकाने लावलं.

जामीनदार कोण, तर रिचर्ड बेरी. त्याने सहीपुढे ‘पालक’ लिहिलं आहे. या एका शब्दावरून कळतं की नवरी नॅन्सी हँक्स आईवडिलांच्या घरून नव्हे, बेरींच्या आधाराने लग्नाला उभी राहिली होती, आणि तिच्या माणसांचा माग काढायचा तर बेरी कुटुंबाचे कागद चाळायला हवेत. जामीनदार, साक्षीदार, मृत्युपत्राचे अंमलदार, अज्ञान मुलांचे पालक ही नावं लोक वाचतच नाहीत. मी म्हणेन, पूर्वजाच्या नावाआधी ती वाचा. उसन्या ओळखीवर कुणी कुणासाठी ५० पौंडांना उभं राहत नाही.

कोर्टहाउसच जळलं म्हणतात. मग संपलंच का?

शिकागोच्या कुक काउंटीचं दप्तर १८७१ च्या आगीत गेलं, सिनसिनाटीचं कोर्टहाउस १८८४ च्या दंगलीत जाळलं, आणि दक्षिणेत यादवी युद्धाने कितीतरी काउंट्या साफ केल्या. तरी ज्यांच्या मिळकती होत्या ते आपापली खरेदीखतं घेऊन आले आणि पुन्हा नोंदवून गेले, म्हणून आगीनंतरच्या वहीत आगीपूर्वीचे दस्त सापडतात. शिवाय खानेसुमारी, सरकारी जमिनींची पेटंटं (सरकारने दिलेली मालकीपत्रं), पेन्शन हे सगळं वॉशिंग्टनला. त्याला काउंटीची आग लागत नाही.

जमिनीच्या कागदांत कुटुंबाची माहिती असते का?

भरपूर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळत असे, पाच वर्षं तिथे राहून कसली तर. हक्क पक्का करताना दोन शेजाऱ्यांचे जबाब घेत: घर केवढं, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, घरात माणसं किती. परदेशातून आलेल्याला नागरिकत्वाचे कागद जोडावे लागत, ते त्याच फायलीत पडलेले असतात. पेटंटची प्रत सरकारच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. पूर्ण फाइल राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवावी लागते, आणि खरा ऐवज तिच्यातच असतो.

जमीन नव्हती हीसुद्धा माहितीच. लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं त्याचं मुख्य कारण मुलाने पुढे स्वतःच लिहून ठेवलं: केंटकीत जमिनीच्या मालकीचे घोळ फार होते.

आमच्या पूर्वजाचं आडनाव एलिस आयलंडवर बदललं. मूळ आडनाव कसं शोधू?

ही गोष्ट घराघरांत सांगतात. एलिस आयलंडचं केंद्र उघडलंच मुळी १ जानेवारी १८९२ ला. न्यू यॉर्कमार्गे १८५५ ते १८९० मध्ये आलेले कॅसल गार्डनला उतरले. आणि एलिस आयलंडवरचे कारकून नावं लिहीत नव्हते, जहाजावरून आलेल्या यादीशी ताडून बघत होते. यादी युरोपातल्या बंदरात तयार झालेली असे. आडनाव बहुतेक वेळा नंतर, माणसानेच, दुकानावर पाटी लावताना किंवा मुलांना शाळेत घालताना बदललं.

मग युरोपातलं मूळ गाव कुठे मिळेल?

जहाजांच्या याद्या १८२० पासूनच्या आहेत, पण १८९३ पूर्वीच्या यादीत गाव क्वचितच. नाव, वय, धंदा, देश, बस. हॅम्बर्गच्या बंदरातल्या १८५० पासूनच्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत गावं आहेत. ब्रेमेनच्या बहुतांश नष्ट झाल्या.

नागरिकत्वाचे कागद १९०६ पूर्वी कोणत्याही कोर्टात होत, त्यामुळे ते विखुरलेले आणि त्रोटक आहेत. पण ते वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. अर्जदाराला आपल्या जुन्या राज्यकर्त्यावरची निष्ठा सोडावी लागे. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचा एकसंध देश नव्हता. कागदावर ‘बाडेनचा ग्रँड ड्यूक’ असेल तर शोध बाडेनपुरता आकसला, ‘प्रशियाचा राजा’ असेल तर अजून बरंच चालायचं आहे. गावाचं नाव सगळ्यात जास्त वेळा मिळतं ते जर्मन लुथरन किंवा कॅथलिक चर्चच्या वहीत, कारण पाद्री स्वतः त्याच मुलखातला असे आणि त्याला ते नीट लिहिता येई.

यादवी युद्धात लढलेल्या पूर्वजाची फाइल मागवण्यात अर्थ आहे का?

एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर यावर घाला. तेही सेवेच्या नोंदीपेक्षा पेन्शनच्या फायलीवर, आणि जमल्यास विधवेच्या.

विधवेला सिद्ध करावं लागे की लग्न खरोखर झालं होतं, मुलं याच नवऱ्याची आहेत आणि सोळा वर्षांखालची आहेत, तिने पुन्हा लग्न केलेलं नाही. दाखले नव्हतेच, म्हणून सुईणीचं प्रतिज्ञापत्र, लग्नाला हजर असलेल्या मैत्रिणीचं प्रतिज्ञापत्र, आणि कधी बायबलमधलं नोंदींचं पानच फाडून पाठवलेलं. ते पान आजही फायलीत असतं आणि घरच्या बायबलात कडेला फक्त फाटकी किनार. सरकारी तपासनीस गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेत; त्यात कोण दारू पीत होता, कुणाची आधीची बायको ओहायोत जिवंत होती, हे सगळं शब्दशः उतरवलेलं आहे. घरात काही दंतकथा जपायच्या असतील तर फाइल मागवण्याआधी विचार करा.

दक्षिणेकडून लढलेल्यांना केंद्राने पेन्शन दिली नाही. ती त्या त्या राज्यांनी दिली, तेव्हा चौकशी राज्याच्या अभिलेखागारात.

पूर्वज गुलामगिरीत होते. १८७० च्या मागे जाता येतं का?

जाता येतं, पण वाट मालकाच्या कागदांतून जाते. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या, त्यांत मालकाचं नाव आहे आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, वर्ण. नावं नाहीत. पूर्वी गुलाम असलेल्या बहुतेकांचं नाव खानेसुमारीत पहिल्यांदा येतं ते १८७० मध्ये.

आधी १८७० आणि १८६५ (गुलामगिरी संपली ते वर्ष) यांच्या मधली पाच वर्षं पिंजून काढा. मुक्त झालेल्या गुलामांना मदत करणाऱ्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याच्या (१८६५ ते १८७२) दप्तरात मजुरीचे करार, शिध्याच्या याद्या, लग्नांच्या नोंदी आहेत. त्यांच्यासाठीच काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली, गोरगरिबांची पुंजी घेऊन बुडाली. पण खातं उघडताना आईवडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं यांची नावं विचारत, आणि त्या वह्या शिल्लक आहेत. काही खातेदारांनी जुन्या मालकाचंही नाव सांगितलं आहे. सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत होते, त्यांच्या पेन्शन फायलींतले जबाब तर अमोल आहेत: कोण कुणाच्या मळ्यावर होतं, कुणाला कुठे विकलं. ताटातूट झालेल्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’मध्ये आपल्या आईचा, मुलांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या अशा जाहिराती वर्षानुवर्षं येत राहिल्या.

मालकाचं नाव कळलं की त्याच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी काढा. बैल, नांगर, पलंग यांच्या मधोमध माणसांची नावं आणि समोर किंमत. वाचवत नाही, पण आई आणि तान्हं मूल एकाच ओळीत लिहिलेलं असेल तर तेवढा एकच पुरावा उरलेला असतो. जुन्या मालकाचं आडनावच सगळ्यांनी लावलं हा मात्र गैरसमज आहे. अनेकांनी आधीच्या एखाद्या मालकाचं किंवा स्वतः निवडलेलं लावलं.

एकाच कुंपणात शेजारी शेजारी पुरलेत, म्हणजे नातेवाईकच ना?

बहुधा. पण न्यू यॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत एका अमेरिकन कुटुंबाच्या जागेत डॉ. आनंदीबाई जोशींच्या रक्षेवर दगड आहे. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्यावर रक्षा थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवली आणि त्यांनी ती आपल्या माणसांत ठेवली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. दगडावर नाव स्पष्ट कोरलेलं आहे म्हणून बरं.

आमच्याकडे म्हणतात, पूर्वज महाराष्ट्रात मिशनरी होता. हे तपासता येईल?

छान तपासता येईल. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं झालं आणि १८४२ पासून तिथून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. सावित्रीबाईंनी ज्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले त्या सिंथिया फॅरार याच मिशनच्या. न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मल्या, १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. अशी माणसं त्या वर्षांच्या अमेरिकन खानेसुमारीत सापडणार नाहीत, इथे होती म्हणून. बोर्डाचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे, ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकाचे जुने अंक वाचायला मिळतात, आणि मुलं मोठी झाली की शिकायला अमेरिकेत नातेवाइकांकडे धाडत. ती तिथल्या यादीत ‘जन्म: भारत’ अशी दिसतात.

ऑनलाइन तयार वंशावळ मिळाली, अगदी १६२० मध्ये इंग्रज वसाहतकारांना घेऊन अमेरिकेत आलेल्या मेफ्लॉवर जहाजापर्यंत. घेऊ का?

वाचा, उतरवून घेऊ नका. एकाने अंदाज केला की शंभर जण त्याची नक्कल करतात आणि मग शंभर ठिकाणी आहे म्हणून ते खरं वाटायला लागतं. आई मुलापेक्षा सहा वर्षांनी मोठी असलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

इथे लिंकनचाच संयम घ्यावा. मॅसॅच्युसेट्सच्या हिंगमला लिंकन आडनावाची जुनी घराणी होती. अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत असताना १८४८ मध्ये तिथल्या सॉलोमन लिंकनशी त्याचा पत्रव्यवहार झाला. मॉर्डेकाय, लीव्हाय, इनॉक, अब्राहम ही नावं दोन्हीकडे होती. तरी १८५९ मध्ये स्वतःची माहिती लिहिताना त्याने नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागलं नाही असंच लिहिलं. संबंध खरा होता. १६३७ मध्ये हिंगमला आलेल्या सॅम्युएलचाच हा वंश. मधला मॉर्डेकाय न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियाला गेला होता, तो दुवा नंतरच्या संशोधकांनी कागदांनी जोडला.

डीएनए चाचणीचंही असंच. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घरी गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्जचा मुलगा एस्टन याच्या वंशजाचं वाय गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळलं. चाचणीने घराणं सांगितलं. त्या घराण्यातला पुरुष कोण, याचं उत्तर थॉमस जेफरसन केव्हा माँटिसेलोत, म्हणजे आपल्या घरी, होता आणि मुलं केव्हा जन्मली या तारखा जुळवून द्यावं लागलं.

हे सगळं पुण्यात बसून जमेल का?

पुष्कळसं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट आहे आणि काउंट्यांच्या वह्यांच्या प्रतिमा प्रचंड आहेत. सगळ्यांना नावांची सूची नसते, तेव्हा पान पान उलटायची तयारी ठेवा. काही प्रतिमा फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयातच उघडतात. काँग्रेसच्या ग्रंथालयाची जुनी वर्तमानपत्रं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर मोफत आहेत. अ‍ॅन्सेस्ट्री हे दुसरं संकेतस्थळ पैसे घेतं. अमेरिकेत कुणी असेल तर तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातून ते बरेचदा फुकट बघता येतं.

काउंटीच्या कचेरीला लिहायचं असेल तर एक माणूस, एक दस्त आणि साधारण पाच-दहा वर्षांचा काळ एवढंच लिहा, सोबत पर्यायी स्पेलिंगं द्या, आणि दस्ताची नुसती नक्कल न मागता मूळ पानाची प्रतिमा मागा. ‘आमच्या घराण्याची असेल नसेल ती माहिती पाठवा’ अशा पत्राला उत्तर येत नाही.